कलाकेंद्राच्या मंडळासाठी स्वयंसेवकाची मुलाखत कशी घ्यावी

नाट्यगृह, कलादालन किंवा छोटं कलाकेंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या नियामक मंडळावर जागा रिकामी होते, आणि ती भरायची पद्धत बहुतेक ठिकाणी एकच असते. कुणीतरी नाव सुचवतं, अध्यक्ष त्या व्यक्तीशी चहावर गप्पा मारतात, "माणूस चांगला आहे, कलेची आवड आहे" असं पुढच्या बैठकीत सांगितलं जातं आणि ठराव मंजूर होतो. पुढची तीन वर्षं ती व्यक्ती बैठकीला येते किंवा येत नाही, सही करते किंवा करत नाही, आणि तिला नेमकं कशासाठी घेतलं होतं हे कुणाला आठवत नाही.

ही जागा बिनपगारी असते, म्हणून मुलाखत घेणं म्हणजे समोरच्याचा अपमान असं अनेकांना वाटतं. मला नेमकं उलट वाटतं. जो माणूस आपल्या संध्याकाळी फुकट द्यायला तयार आहे, त्याला आपण गंभीरपणे घेतो हे दाखवायची मुलाखतीइतकी चांगली संधी नाही. शिवाय पगार नसला तरी जबाबदारी असतेच. संस्थेची नोंदणी न्यास म्हणून असो, सोसायटी म्हणून असो की ना-नफा कंपनी म्हणून, पैसे नीट वापरले गेले का, इमारत सुरक्षित आहे का, कर्मचाऱ्यांना न्याय मिळतो का, याचं उत्तर शेवटी मंडळालाच द्यावं लागतं.

कलेवरचं प्रेम प्रत्येक उमेदवार सांगतो आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. म्हणून निवडीसाठी त्याचा उपयोग होत नाही. आपल्याला शोधायचं आहे ते वेगळंच: मतभेद झाला, पैसे कमी पडले, मित्र अडचणीत आला, की हा माणूस कसा वागतो? खालची सगळी पद्धत या एका प्रश्नाभोवती बेतलेली आहे.

आधी मंडळाकडे बघा

मुलाखतीची तयारी उमेदवारापासून नव्हे, आपल्यापासून सुरू होते. आत्ताच्या सदस्यांची नावं एका कागदावर उभी लिहा आणि आडव्या रकान्यांत मंडळाला लागणारी कामं: हिशोब वाचता येणं, कायद्याची जाण, इमारत आणि दुरुस्ती, निधी उभारणी, माणसं सांभाळण्याचा अनुभव, प्रत्यक्ष कलेतलं काम, परिसरातल्या वेगवेगळ्या लोकांशी संबंध. मग खुणा करा. कलादालनाच्या मंडळावर चार चित्रकार आणि ताळेबंद वाचता येणारं कुणीच नाही, असं चित्र या कागदावर लगेच दिसतं. खुणा करताना "थोडंफार येतं" याला खूण देऊ नका.

कौशल्यांइतकाच महत्त्वाचा रकाना आहे तो प्रेक्षागृहात कोण बसतं याचा. तरुण प्रेक्षक येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या मंडळात पस्तिशीच्या आतलं कुणीच नसेल, किंवा चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकाच्या अडचणी स्वतःच्या अनुभवातून सांगणारं कुणी नसेल, तर ती उणीवही कागदावर आली पाहिजे. रिकाम्या जागेसाठी यातल्या जास्तीत जास्त तीन गोष्टी ठरवा. दहा गोष्टी असलेला माणूस मिळत नाही, आणि शोधत बसलं की पुन्हा ओळखीचाच घेतला जातो.

एक मोह इथेच ओळखून ठेवावा. गावात नाव असलेला कलाकार स्वतःहून तयार झाला की मंडळाला पत्राच्या मथळ्यावर त्याचं नाव दिसू लागतं. तो बैठकींना येणार असेल, कागद वाचणार असेल, तर उत्तमच. नसेल तर त्याला मानद सल्लागार करा. मताधिकार असलेली खुर्ची फक्त नावासाठी देऊ नये. गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान उपस्थिती, नसल्यामुळे बैठक रद्द होते तेव्हा त्या खुर्चीची खरी किंमत कळते.

उमेदवाराच्या हातात काय द्यायचं

मुलाखतीच्या किमान आठवडाभर आधी उमेदवाराकडे एक छोटा संच पोहोचला पाहिजे. त्यात संस्थेची घटना किंवा नियमावली, गेल्या वर्षाचा जमाखर्च आणि ताळेबंद, लेखापरीक्षकाचे शेरे, मागच्या दोन-तीन बैठकींची इतिवृत्तं (वैयक्तिक मजकूर झाकून), आणि एका पानाचं कामाचं वर्णन असावं: वर्षाला किती बैठका, कोणत्या वारी, किती वेळ, मुदत किती वर्षांची, उपसमितीत बसावं लागेल का, कार्यक्रमांना हजर राहायची अपेक्षा आहे का, प्रवासखर्च मिळतो का.

लेखापरीक्षकाचे शेरे देताना हात आखडतो, पण द्या. छत गळतं, दोन वर्षं तूट आहे, व्यवस्थापक सोडून चालले आहेत, या गोष्टी नंतर कळलेला सदस्य पहिल्या सहा महिन्यांत राजीनामा देतो, आणि जाताना बाहेर काय सांगेल त्यावर आपला ताबा नसतो.

मुलाखतीआधी इमारत दाखवा. रंगमंच, विंगा, मेकअपची खोली, प्रकाशयोजनेची केबिन, तिकीट खिडकी, स्वच्छतागृहं, मागचं गोदाम. व्यवस्थापकाने किंवा तिथल्या तंत्रज्ञाने फिरवून आणावं. ही छुपी परीक्षा नाही आणि तसं उमेदवाराला सांगून टाकावं. फायदा इतकाच, की नंतर "दिव्यांची जुनी पॅनेलं बदलायची आहेत" असं म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर ती पॅनेलं असतात.

मुलाखतीला कोण बसेल

तीन जण पुरेत. पाच जण झाले की उमेदवार उत्तर देत नाही, भाषण करतो. तिघांत एक मंडळाचा पदाधिकारी, एक तुलनेने नवा सदस्य आणि शक्य असेल तर एक बाहेरची व्यक्ती, दुसऱ्या संस्थेच्या मंडळावर काम केलेली. बाहेरच्या माणसाला आपल्या आतल्या रुसव्या-फुगव्यांची माहिती नसते, हाच त्याचा उपयोग.

व्यवस्थापक किंवा कलादिग्दर्शक यांनी निवडीत मत देऊ नये असं माझं ठाम मत आहे. निवडलेली व्यक्ती उद्या त्यांच्याच कामावर देखरेख ठेवणार असते. त्यांचं म्हणणं ऐका, पण मत तिघांचं.

आणि तिघांपैकी कुणाचा उमेदवार नातेवाईक, भागीदार किंवा जवळचा मित्र असेल, तर त्याने त्या मुलाखतीपुरतं उठून जावं. हे इतिवृत्तात लिहा.

प्रश्न सगळ्यांना तेच

मुलाखतींवरचं संशोधन एका बाबतीत सातत्याने तेच सांगत आलं आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात ठरलेल्या प्रश्नांच्या, गुण देऊन केलेल्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी असलेला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.५१ निघाला, तर मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.३८. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तीच गणितं नव्याने मांडली. ०.५१ चा आकडा उतरून ०.४२ वर आला, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सगळ्या पद्धतींत पहिल्या क्रमांकावर गेली. हे अभ्यास नोकरीच्या निवडीवरचे आहेत, स्वयंसेवी मंडळांवरचे नाहीत. तरी त्यामागचं कारण इथेही लागू पडतं. प्रत्येकाला वेगळे प्रश्न विचारले की आपण माणसांची तुलना करत नाही, गप्पा किती रंगल्या याची करतो.

म्हणून सहा-सात प्रश्न लिहून ठेवा आणि सगळ्या उमेदवारांना त्याच क्रमाने विचारा. एकच उमेदवार असला तरीही. प्रश्न दोन प्रकारचे असावेत: घडलेल्या प्रसंगांबद्दलचे आणि समजा-असं-झालं-तर प्रकारचे. माझ्या यादीत हे असतात:

तुमच्या मताविरुद्ध निर्णय झाला आणि तरी तो तुम्हाला राबवावा लागला, असा एखादा प्रसंग सांगा.

एखाद्या समितीत तुम्ही विचारलेला कोणता प्रश्न इतरांना रुचला नव्हता?

घेतलेलं काम अर्ध्यावर सोडावं लागलं असेल, तर ते कसं सोडलंत?

आमच्या इथला तंत्रज्ञ व्यवस्थापकाची तक्रार घेऊन परस्पर तुम्हाला फोन करतो. तुम्ही काय कराल?

एक देणगीदार मोठी रक्कम देऊ करतो, पण अमुक नाटकाला आपला रंगमंच मिळू नये असं सुचवतो. मंडळाच्या बैठकीत तुम्ही काय म्हणाल?

शेवटच्या दोन प्रश्नांना "बरोबर" उत्तर पाठ करून येत नाही. तंत्रज्ञाच्या फोनवर चांगला उमेदवार ऐकून घेतो, पण निकाल देत नाही. तक्रारीची संस्थेत काय व्यवस्था आहे हे विचारतो आणि तिकडे पाठवतो. मंडळ धोरण ठरवतं, रोजचा कारभार व्यवस्थापक पाहतो, ही रेषा त्याला कळते. त्याहून चांगला उमेदवार पुढे म्हणतो, "तक्रार छळाची, पैशाच्या अफरातफरीची किंवा कुणाच्या जिवाला धोका असल्याची असेल तर मी थांबणार नाही, त्याच दिवशी अध्यक्षांना सांगेन." देणगीदाराच्या प्रश्नावर काही जण लगेच छाती पुढे काढून "पैसे परत करा" म्हणतात, काही जण "थोडं समजून घ्यायला हवं" म्हणतात. मी ऐकतो ते याच्या पुढचं: कार्यक्रम ठरवण्याचा अधिकार कुणाचा आहे, देणग्या स्वीकारण्याचं लेखी धोरण आहे का, ही अट लेखी आली आहे की तोंडी, हे तो विचारतो का? असे प्रश्न विचारणारा माणूस बैठकीत उपयोगी पडतो.

पुढचा प्रश्न विचारण्याची कला

लिहिलेले प्रश्न फक्त दार उघडतात. खरी माहिती पुरवणी प्रश्नांतून येते, आणि इथेच बहुतेक मुलाखती कमी पडतात. उमेदवार "आम्ही" म्हणतो, आपण मान डोलावतो, आणि पुढच्या प्रश्नावर जातो.

समजा उमेदवार म्हणाल्या, "आम्ही एक महोत्सव सुरू केला आणि तीन वर्षं चालवला."

"छान. त्यात तुमच्याकडे नेमकं काय होतं?"

"निधी उभा करायचं काम."

"कधी कमी पडला का?"

"पहिल्याच वर्षी. एका प्रायोजकाने ऐनवेळी हात वर केले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"त्याच संध्याकाळी सगळ्या आयोजकांना कळवलं. दोन कार्यक्रम रद्द करायचं ठरलं. ज्या कलाकारांना शब्द दिला होता त्यांचं मानधन मात्र दिलं."

"कोणते दोन रद्द करायचे हे कुणी ठरवलं?"

"बैठकीत ठरलं. बालनाट्य राहावं असं माझं मत होतं. ते गेलं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काय? ज्या शाळांना बोलावलं होतं त्यांना मीच फोन केले."

पहिल्या वाक्यात काहीच नव्हतं. सहाव्या उत्तरापर्यंत सगळं आलं: वाईट बातमी लपवली नाही, शब्द पाळला, हरलेल्या मताचा राग धरला नाही आणि नको असलेलं कामही अंगावर घेतलं. यातला एकही प्रश्न हुशारीचा नव्हता. "नेमकं काय", "मग", "कुणी ठरवलं", एवढेच. उत्तर आल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहायची सवय लावून घ्या. माणसं त्या जागेत खरं बोलतात.

ज्याने आयुष्यात कधी कुठल्या समितीवर काम केलं नाही, त्याला घरचे, शेजारचे, नोकरीतले प्रसंग सांगू द्या. नाहीतर जे आधीपासून समित्यांवर आहेत तेच पुन्हा पुन्हा निवडले जातील.

एक पान हिशोब

पंधरा मिनिटांचा हा भाग मी कधीही गाळत नाही. एका पानावर काल्पनिक केंद्राचा सोपा हिशोब छापा आणि उमेदवाराला पाच मिनिटं एकट्याला वाचू द्या. समजा: बँकेत शिल्लक १००. महिन्याचा खर्च १५. गेल्या वर्षी सभागृह १८० दिवस भाड्याने गेलं, यंदा १३०. एकूण उत्पन्न दोन्ही वर्षी जवळपास सारखं. तळाशी बारीक अक्षरांत टीप: यंदा ध्वनियंत्रणा बदलण्यासाठी ७० चं अनुदान मिळालं, काम अजून सुरू झालेलं नाही.

मग एकच विचारा: "हे पाहून बैठकीत तुम्ही काय विचाराल?"

वरवर केंद्र सुखात दिसतं. खरं तर ते ७० ध्वनियंत्रणेचेच आहेत, त्यातून पगार देता येणार नाहीत. मोकळे उरतात ३०, म्हणजे दोन महिन्यांचा खर्च. आणि उत्पन्न सारखं दिसतं ते अनुदानामुळे. भाड्याचे ५० दिवस गेले आहेत ते त्यामागे झाकले गेले. हे सगळं उमेदवाराने ओळखावं अशी अपेक्षा नाही. "ही टीप मला कळली नाही, समजावून सांगाल का?" असं विचारणारा उमेदवार मला चालतो. हिशोब कळत नसूनही मान डोलावणारा चालत नाही, कारण तो खऱ्या बैठकीतही तेच करेल. फक्त जागा खजिनदाराची असेल तर मात्र वरचं सगळं आलंच पाहिजे.

हितसंबंध उघड विचारा

कलाकेंद्राच्या मंडळात हितसंबंध असणारच. नाटकवाल्यांना मंडळावर घ्यायचं तर त्यांची स्वतःची नाटक मंडळी असणार, त्यांना तारखा हव्या असणार. चित्रकाराला प्रदर्शन हवं असणार. कुणाचा भाऊ ध्वनियंत्रणा भाड्याने देत असणार. हितसंबंध असणं हा दोष नाही, तो लपवणं हा आहे.

म्हणून गोल गोल न फिरता विचारा: "तुम्ही, तुमच्या घरचे किंवा तुमची संस्था आमच्याकडून तारखा, पैसे, कंत्राट किंवा नोकरी घेता का? पुढच्या तीन वर्षांत घ्याल असं वाटतं का?" मग पुढचा प्रश्न: "शनिवार-रविवारच्या तारखांचं वाटप बैठकीत आलं आणि त्यात तुमची मंडळी आहे. तुम्ही काय कराल?" अपेक्षित उत्तर असं, की आधी सांगेन, चर्चेच्या वेळी बाहेर जाईन, मत देणार नाही, आणि तशी नोंद करायला लावेन. "मी निःपक्षपाती राहीन" हे उत्तर पुरेसं नाही. ब्रिटनमध्ये लॉर्ड नोलन यांच्या समितीने १९९५ मध्ये सार्वजनिक पदांसाठी सात तत्त्वं मांडली, त्यांत सचोटी आणि प्रामाणिकपणाच्या बरोबरीने खुलेपणा वेगळा मोजला आहे, तो याचसाठी. बाहेरच्या माणसाला आपला प्रामाणिकपणा दिसावा लागतो.

काय विचारू नये

वय, लग्न, मुलंबाळं, धर्म, जात, आजारपण. अनेक देशांत यातले काही प्रश्न कायद्याच्या कचाट्यात येतात, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्यांचा मंडळाच्या कामाशी संबंध नाही. "संध्याकाळी घरी कोण बघेल?" हा प्रश्न जवळपास नेहमी बाईलाच विचारला जातो. त्याऐवजी सगळ्यांना सारखंच सांगा: बैठक महिन्याच्या अमुक दिवशी, दोन तास, आधी साधारण तीन तासांचं वाचन. जमेल का? जमत नसेल तर वेळ बदलण्यासारखी आहे का, हेही आपण पाहावं.

शेवटचा तिसरा हिस्सा उमेदवाराचा

तासाभराच्या मुलाखतीत वीस मिनिटं उमेदवाराच्या प्रश्नांसाठी राखा, आणि ती खरोखर द्या. उत्तरं सरळ द्यावीत. "मंडळात आत्ता कशावरून वाद आहे?" असं विचारलं तर वाद सांगा, माणसांची नावं सांगू नका. एकही प्रश्न न विचारणारा उमेदवार कागद न वाचता आला असण्याची शक्यता मोठी असते, पण "पाठवलेल्यापैकी काय वाचून शंका आली?" असं आपणच विचारून पाहावं, कारण काही जण नुसते संकोचलेले असतात.

गुण, संदर्भ, निर्णय

उमेदवार बाहेर पडला की दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही. तिघांनी प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण द्यायचे आणि प्रत्येक गुणासमोर उमेदवाराचं एखादं वाक्य लिहायचं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं, की एका गुणाची छाप पडली की माणसं इतर सगळ्या गुणांनाही त्याच मापाने मोजतात. मंडळाच्या मुलाखतीत ही छाप बहुधा बोलण्याची असते. सुंदर बोलणारा माणूस हिशोबातही हुशार वाटू लागतो. स्वतंत्र गुण आणि समोर लिहिलेलं वाक्य हा त्यावरचा साधा उतारा. मग कागद एकत्र ठेवा आणि जिथे दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक आहे तिथेच चर्चा करा. अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावं.

संदर्भासाठी दोन जणांशी फोनवर बोला, त्यातली एक व्यक्ती उमेदवाराबरोबर समितीत बसलेली असावी. "कसे आहेत?" असं विचारलं तर "उत्तम" हेच उत्तर येतं. "त्यांचं म्हणणं मान्य झालं नाही तेव्हा ते कसे वागले?" असं विचारा.

मुलाखत घेणाऱ्या तिघांनी फक्त शिफारस करायची. नेमणूक घटनेत सांगितलेल्या पद्धतीने, मंडळाच्या किंवा सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच होते. मुलाखतीच्या खोलीत "तुम्ही आलातच समजा" असं कुणी म्हणू नये.

नकार कळवायचा असेल तर आठवड्याच्या आत, फोनवर, आणि अध्यक्षांनी स्वतः. हा माणूस आपला प्रेक्षक आहे, कदाचित देणगीदारही, आणि त्याने स्वतःहून हात पुढे केला होता. कारण खरं सांगा: "यंदा आम्हाला हिशोब जाणणारी व्यक्ती हवी होती." दुसरं काम खरंच असेल तरच सुचवा, महोत्सवाची उपसमिती, शाळांसाठीचे कार्यक्रम, जुन्या छायाचित्रांची नोंद, नुसतं बरं वाटावं म्हणून नको.

ज्याची निवड होईल त्याला ठरावाआधी एका बैठकीला निरीक्षक म्हणून बोलावता आलं तर बोलवा. गोपनीय विषय वगळून बाकीचं सगळं त्याला पाहू द्या. बैठक संपल्यावर दोन दिवसांनी फोन करून विचारा, की अजून यायचं आहे का. "नाही" म्हणण्याची मोकळीक त्या फोनपर्यंत त्याला असावी, आणि तसं आधीच सांगून ठेवावं.